ठाण्याच्या पाचपाखाडीतलं आयव्हीएफ सेंटर : पीसीओएस असेल तर आधी हे वाचा

हा रिव्ह्यू मुख्यतः पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी आणि अंडी तयार होणं अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायला निघालेल्या बायकांसाठी आहे, त्यामुळे थोडा लांबलाय. ज्यांना फक्त खर्च आणि वेळा बघायच्या आहेत त्यांनी सरळ शेवटी जावं.

मी कळव्यात राहते. ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं माझं छोटं दुकान आहे. वय २९, वजन ५१ किलो, एएमएच (अंडाशयात अंड्यांचा साठा किती याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.२. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) भरलेले. एएमएच ३.४ च्या वर असेल तर आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतील हे धरूनच चालायचं असतं. त्यात पीसीओएस, कमी वय, कमी वजन. ओएचएसएस, म्हणजे ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम (अंडाशय जास्त चेतवले जाऊन पोटात पाणी साठण्याचा त्रास) होण्याची जी जी कारणं सांगतात, त्यातली बहुतेक माझ्या एकटीच्या फाइलमध्ये होती.

हा त्रास मी जवळून बघितलेला आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं आयव्हीएफ काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये झालं. त्यांनाही पीसीओएस. लाँग प्रोटोकॉल (उपचाराची एक पद्धत, पुढे सांगते), इंजेक्शनांचा डोस चांगला दणदणीत, शेवटी एचसीजी या हार्मोनचं १०,००० युनिटचं ट्रिगर (अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन) आणि लगेच त्याच महिन्यात ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं. पोट तेव्हाच फुगलेलं होतं. ‘सगळ्यांचंच फुगतं, नारळपाणी प्या’ एवढंच त्यांना सांगितलं गेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, घरात पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात त्यांना धाप लागायला लागली. लघवी जवळजवळ बंद. पोटातून सुई घालून पाणी काढलं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर इंजेक्शनं सुरू केली. रात्री त्यांच्याजवळ मी असायचे. झोपलं की श्वास कोंडायचा म्हणून उशांना टेकून बसून राहायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं, पाळणा हलू दे म्हणून गेले होते, आता मीच राहते की नाही कळत नाही.’ आज त्यांचा मुलगा सीनियर केजीत आहे, देवाची कृपा. पण हा आजार नशिबाने होतो असं कोणी माझ्यापुढे म्हटलं तर मला राग येतो. तो बऱ्याच अंशी टाळता येतो. कसा टाळायचा हे डॉक्टरांना वर्षानुवर्षं माहीत आहे. ते माहीत असलेलं प्रत्यक्ष करतात की नाही, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून माझी वेळ आली तेव्हा ‘सक्सेस रेट किती’ हा प्रश्न मी कुठेही पहिला विचारला नाही. मी विचारायचे, ‘माझं एएमएच ८ आहे. मला ओएचएसएस होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करता?’ ठाण्यातच एका मोठ्या सेंटरमध्ये काउन्सेलर हसून म्हणाल्या, ‘एएमएच जास्त म्हणजे उलट लकी आहात, भरपूर अंडी मिळतील.’ डॉक्टरांशी बोलायला मिळालं तेव्हा ते म्हणाले, काही झालंच तर अल्ब्युमिनचं सलाइन लावू. माझा नवरा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्याला असले कागद वाचायची सवय आहे. प्रजनन वैद्यकातल्या अमेरिकन सोसायटीने २०२३ मध्ये ओएचएसएस टाळण्यासाठी ज्या शिफारशी काढल्या त्या त्याने वाचून काढल्या होत्या. त्यात अल्ब्युमिन देऊ नये असंच म्हटलंय. तिथून आम्ही उठलो.

पाचपाखाडीतल्या या सेंटरमध्ये डॉक्टर मॅडमनी तोच प्रश्न ऐकल्यावर पेन घेतलं आणि माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर मराठीतून लिहायला सुरुवात केली. ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यांनी सांगितलेलं मला जसं समजलं तसं लिहिते.

इंजेक्शनांमुळे एका वेळी पुष्कळ फॉलिकल वाढतात, इथपर्यंत फार धोका नसतो. खरी गडबड एचसीजीमुळे होते. अंडी पिकवण्यासाठी शेवटचं जे ट्रिगर देतात ते बहुतेक वेळा एचसीजीचं असतं आणि ते शरीरात आठवडाभर रेंगाळतं. तेवढा वेळ ते सगळ्या फॉलिकलना चेतवत राहतं. त्यातून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सुटतं, त्याने रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि कधी छातीत जमा होतं. रक्त दाट होतं, किडनीवर ताण येतो, गुठळ्या होऊ शकतात. आणि गर्भ राहिला तर गर्भच एचसीजी तयार करायला लागतो, म्हणजे आगीत तेल. जाऊबाईंना त्रास ट्रिगरनंतर लगेच न होता रिपोर्ट आल्यावर का वाढला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आता त्यांनी काय केलं ते. प्रोटोकॉल अँटॅगोनिस्टचा, लाँग नाही. एफएसएचचा, म्हणजे फॉलिकल वाढवणाऱ्या इंजेक्शनचा सुरुवातीचा डोस ११२.५ युनिट. मी विचारलं, एवढा कमी? त्या म्हणाल्या, ‘तुझ्या अंडाशयांना ढकलायची गरज नाही, त्या स्वतःच धावणाऱ्या आहेत. आपल्याला फक्त लगाम धरायचाय.’ मोठं फॉलिकल १४ मिमीच्या आसपास गेल्यावर सेट्रोरेलिक्स या अँटॅगोनिस्टचं ०.२५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं, वेळेआधी अंडी फुटू नयेत म्हणून.

अँटॅगोनिस्ट का, हे त्यांनी नीट समजावलं आणि माझ्या मते पीसीओएसवालीने पाठ करून ठेवावी अशी हीच गोष्ट आहे. या प्रोटोकॉलमध्ये मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी काम करण्याच्या स्थितीत राहते. त्यामुळे शेवटी एचसीजीऐवजी ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइड देऊन आपल्याच शरीराकडून एलएच या अंडी पिकवणाऱ्या हार्मोनची लाट आणता येते. ती लाट दीड दिवसात ओसरते, एचसीजीसारखी रेंगाळत नाही. लाँग प्रोटोकॉलमध्ये ती ग्रंथी आधीच गप्प केलेली असते, त्यामुळे तिथे हा पर्यायच उरत नाही. म्हणजे शेवटच्या दिवशी काय करता येईल हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे ‘बघू, फॉलिकल जास्त झाले तर ठरवू’ असं कोणी म्हणालं तर प्रोटोकॉल कुठला ते विचारून घ्या.

मेटफॉर्मिन मी आधीपासून घेत होते. ते इन्सुलिनसाठी चालू ठेवा म्हणाल्या, पण या प्रोटोकॉलमध्ये ओएचएसएस रोखायला त्याच्यावर विसंबून राहू नका, हेही सांगितलं. असं स्पष्ट बोलणं मला आवडतं.

सोनोग्राफी आणि ई-टूची (इस्ट्रोजेन हार्मोनची) रक्ततपासणी जवळजवळ दिवसाआड होती. कमी डोस देऊनही दोन्ही बाजू मिळून पंचविसाच्या वर फॉलिकल दिसायला लागले आणि ई-टू ४,००० च्या पुढे गेलं. मी घाबरले. डोस आणखी उतरवला गेला. ट्रिगर कुठलं द्यायचं यावर मॅडमनी एक मिनिटही घालवलं नाही. ट्रिप्टोरेलिन ०.१ मिलिग्रॅमच्या दोन सिरिंज, रात्री साडेदहाला. सिस्टरने फोनवरून नवऱ्याला एक एक पायरी सांगितली, दोन्ही गेल्याची खात्री केली, मगच फोन ठेवला. या इंजेक्शनला वेळ फार काटेकोर लागते, कारण अंडी काढायचं काम त्यानंतर साधारण ३६ तासांनी असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रक्त द्यायला बोलावलं. हे मी आधी कुठे ऐकलं नव्हतं. क्वचित काही बायकांमध्ये या ट्रिगरने हवी तेवढी लाट येत नाही, म्हणून एलएच तपासून बघतात, १५ च्या वर हवं. माझं ४० च्या वर आलं. नवऱ्याने रिपोर्ट बघून नुसती मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा उतरलेला दिसला.

ट्रिगरच्या रात्रीपासून कॅबरगोलिन ०.५ ची गोळी आठवडाभर, जेवणानंतर झोपताना. कळव्यातल्या आमच्या नेहमीच्या केमिस्टने चिठ्ठी बघून विचारलं, ‘ही तर दूध बंद करायची गोळी, तुम्हाला कशाला?’ तीच गोळी व्हीईजीएफचा परिणाम कमी करते आणि रक्तवाहिन्यांचं पाझरणं रोखायला मदत करते. तिने चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री घ्यायची आणि सकाळी अंथरुणातून एकदम उठायचं नाही. मला दोन सकाळी गरगरलं, बाकी काही नाही.

अंडी काढताना भूल असते, कळत नाही. त्याबद्दल फार लिहीत नाही. २२ अंडी मिळाली.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी पिकअप, म्हणजे अंडी काढून झाली की घरी पाठवून देतात आणि विषय संपतो. इथे मला एक छापील कागद मिळाला, मराठीत. त्यावर सात दिवसांचे रकाने : वजन, पोटाचा घेर, दिवसभरात लघवी किती वेळा. खाली लिहिलेलं होतं की एका दिवसात वजन किलोभराहून जास्त वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, उलट्या थांबत नाहीत किंवा पोटरी दुखायला लागली तर सकाळची वाट बघू नका, फोन करा. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, किडनीवर आधीच ताण असू शकतो. पाणी तहान लागेल तसं प्यायचं, तोडायचं नाही. वाकून जड उचलायचं नाही, कारण सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. मी विचारलं, मशीनवर बसू का? बस, पण कापडाचे तागे उचलू नकोस, असं उत्तर मिळालं. माझी मदतनीस मुलगी त्या आठवड्यात सगळे तागे खाली-वर करत होती.

घेर कसा मोजायचा हे सिस्टरने पलंगाजवळ उभं राहून दाखवलं. रोज बायकांची मापं घेणारी मी, तरी नीट बघितलं. आम्ही कंबरेचं माप घेतो ते सगळ्यात बारीक जागेवर, कापड अंगाला बसावं म्हणून. इथे टेप बरोबर बेंबीवरून फिरवायची, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, उभं राहून, श्वास सोडलेला असताना. टेप रोज तीच. जुनी टेप ताणली जाते आणि अर्धा इंच खोटं दाखवते, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. मी त्यासाठी जांभळी नाक्यावरून नवीन टेप आणली. पिकअपच्या सकाळी २८ इंच होतं. पुढे ते ३०.५ पर्यंत गेलं. साडीच्या परकराची नाडी सैल केली तरी काचायची. वजन मात्र किलोभरही वाढलं नव्हतं.

तरी रात्री मला झोप येईना. जाऊबाईंच्या त्या उशा डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. रात्री बारानंतर नवऱ्याने सेंटरच्या इमर्जन्सी नंबरवर फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझ्याशीच बोलायचं म्हणून फोन मला द्यायला लावला. कागदावरचे आकडे वाचून घेतले, आडवं झाल्यावर श्वास कसा लागतो विचारलं, लघवी किती विचारलं. मग म्हणाल्या, आत्ता काळजीचं दिसत नाही, सकाळी आठला या, सोनोग्राफी करू. सकाळी बघितलं तर पोटात थोडंसं पाणी होतं. हिमॅटोक्रिट ३९, म्हणजे रक्त दाट झालेलं नव्हतं. त्या एका फोनसाठी मी या सेंटरला हवे तेवढे स्टार देईन. पुढे पाळी आली आणि घेर आपोआप उतरला.

ट्रान्सफर त्या महिन्यात केलं नाही. सगळे गर्भ गोठवले, उणे १९६ अंशावर, द्रव नायट्रोजनमध्ये. एक तर या ट्रिगरनंतर गर्भाशयाला पुढे लागणारा हार्मोनचा आधार तोकडा पडतो, आणि दुसरं म्हणजे गर्भ राहिला असता तर त्याच्या एचसीजीने जाऊबाईंसारखं झालं असतं. हे घरी पटवणं कठीण गेलं. सासूबाईंचं म्हणणं, ‘ताजं ते ताजं. बर्फातलं कसलं गं? भाजीसुद्धा आपण फ्रिजमधली नको म्हणतो.’ त्यांना दुखवायचंही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, घेऊन या त्यांना. सासूबाई आल्या. मॅडमनी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली, ‘आई’ म्हणून हाक मारली आणि मोठ्या सुनेला काय झालं होतं ते त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलं. मग सांगितलं की २०१६ साली चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १,५०८ बायकांवर अभ्यास झाला होता. गोठवलेला गर्भ सोडलेल्यांत ४९.३ टक्के बायकांना बाळ झालं, ताजा सोडलेल्यांत ४२ टक्के. आणि ओएचएसएस गोठवलेल्यांत १.३ टक्के, ताज्यात ७.१ टक्के. सासूबाईंना टक्के कळतात, त्यांनी पतपेढीत आयुष्य काढलंय. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाल्या, ‘थांबू आपण. पोरगी धड राहिली पाहिजे.’

मॅडमनी दुसरी बाजूही लपवली नाही. त्याच अभ्यासात गोठवलेल्या गटात गरोदरपणी बीपी वाढण्याचा, म्हणजे प्रीएक्लेम्पसियाचा त्रास जास्त निघाला होता, ४.४ टक्के विरुद्ध १.४. त्यामुळे गर्भ राहिला तर बीपीवर पहिल्यापासून लक्ष ठेवावं लागेल, हे माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलंय. आणि हेही बोलल्या की एवढं सगळं करूनसुद्धा ओएचएसएस होणारच नाही अशी लेखी हमी जगात कोणी देऊ शकत नाही. क्वचित होतोच, म्हणून तो कागद भरायचा. माझं ट्रान्सफर आता पुढच्या पाळीनंतर आहे. त्याचं काय होईल ते होवो, हा रिव्ह्यू मी त्यासाठी थांबवून ठेवला नाही, कारण माझ्या जिवाची काळजी त्यांनी कशी घेतली ते आजच सांगता येतं.

आता खटकलेल्या गोष्टी. संमतीपत्रं सगळी इंग्रजीत. २०२१ च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्याने लेखी संमती सक्तीची आहे, गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, नवरा-बायकोपैकी कोणाचं बरंवाईट झालं तर त्यांचं काय करायचं हे आधी लिहून द्यावं लागतं. इतक्या गंभीर गोष्टीवर सही करताना मजकूर आपल्या भाषेत नको? घेर मोजायचा कागद मराठीत छापता येतो तर हाही येईल. मी रिसेप्शनवर बोलले, ‘सांगते मॅडमना’ म्हणाल्या. नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र दारातच लावलेलं आहे, ते बघून घ्या, आणि कुठल्याही सेंटरमध्ये गेलात तरी आधी तेच बघा.

वाट बघणं खूप. सकाळी आठची वेळ दिली तरी साडेनऊ होतात, आणि ज्या खोलीत आम्ही इंजेक्शनवाल्या बसतो तिथेच सात-आठ महिन्यांच्या गरोदर बायकाही तपासणीला बसतात. त्यांचा दोष नाही, पण वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या बाईला तिथे बसणं जड जातं. एक वेगळा कोपरा करता येईल.

खर्च : ठरलेल्या पॅकेजमध्ये गर्भ गोठवण्याचे आणि नंतरच्या ट्रान्सफरचे पैसे धरलेले नव्हते. ते मिळून साठ हजारांच्या आसपास जास्त जाणार आहेत. माझ्यासारख्या पेशंटचे गर्भ गोठवावे लागण्याचीच शक्यता जास्त, हे त्यांना पहिल्या दिवशी दिसत होतं, तर तो आकडा पहिल्याच कागदावर यायला हवा होता. आम्ही सोनं ठेवून भागवलं. तुम्ही आधीच विचारून घ्या : गोठवण्याचे किती, वर्षाला ठेवणावळ किती, ट्रान्सफरचे किती. डोस कमी असल्यामुळे इंजेक्शनांचं बिल मात्र आम्ही धरलं होतं त्यापेक्षा कमी आलं.

जायचं कसं : ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने दहा मिनिटं, सकाळी नऊनंतर त्याचीच पंचवीस होतात. स्वतःची गाडी असेल तर इमारतीखाली जागा नाही. इंजेक्शनचं पेन घरी न्यायला थर्माकोलचा डबा ते देतात, बर्फाची पिशवी आपली न्यायची. घरी पेन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. रविवारी फार्मसी बंद असते, म्हणून शनिवारी संध्याकाळीच सोमवारपर्यंतची इंजेक्शनं मोजून घ्या आणि इमर्जन्सीचा नंबर घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये टाकून ठेवा.